दादासाहेबांच्या नावाची माशी

थोरात सरांच्या कोटाच्या खिशातली काडेपेटी मागायची नाही, असा आमच्या स्टाफरूमचा अलिखित नियम होता. हा नियम पडला त्या दिवशी मी समोरच बसले होते. इतिहासाच्या सरांनी सिगारेट ओठांत धरून हात पुढे केला. थोरात सर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी न बघताच काडेपेटी दिली. इतिहासाच्या सरांनी ती उघडली आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. आत कापसाच्या गादीवर लांब पायांच्या तीन गांधीलमाश्या ओळीने निजवल्या होत्या. "काड्या ह्या खिशात हायत," थोरात सर म्हणाले आणि पेटी परत घेऊन आधी माश्यांचे पाय शाबूत आहेत का ते पाहू लागले. इतिहासाच्या सरांचं काय झालं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

सत्तरच्या दशकाची ही सुरुवातीची वर्षं. सांगलीत एका संस्थेचं कॉलेज होतं, तिथे थोरात सर प्राणिशास्त्र शिकवत आणि मी वनस्पतिशास्त्र. मी कॉलेजातली एकुलती एक बाई, आणि तीही हंगामी. दर जूनला नवा अर्ज करायचा आणि मार्चपर्यंत तोंड बंद ठेवायचं. आमच्या दोन खात्यांत मिळून एकच धड सूक्ष्मदर्शक होता, त्यामुळे सरांशी बोलणं रोजचंच होतं.

सर मूळचे उंब्रजजवळच्या एका गावचे. घरचा ऊस होता, वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, थोरला भाऊ पलटणीत. या घरात एक पोरगा बांधावर उकिडवा बसून माश्या बघतो, याचं सुभेदारांना इतकं दुःख होतं की मुलगा प्रोफेसर झाल्यावरही ते लोकांना "धाकटा तिकडं सांगलीला असतो" एवढंच सांगत. सरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, जास्त मोकळ्या होत्या. मी पहिल्यांदा गावभागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत गेले तेव्हा चहा ठेवताना त्यांनी तीन डबे उघडले आणि तिन्ही बंद केले. "बसा वो बाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं साखरंच्या डब्यात माश्या असत्यात. साखर कुठं असती ते मला बी हुडकावं लागतंय."

सर बुटके, रापलेले, मे महिन्यातही कोट घालणारे आणि बोलायला फटकळ. प्राचार्यांपुढेही आवाज खाली यायचा नाही. वर्गात छापील मराठी बोलत, पण माशीचा विषय निघाला की पाच मिनिटांत उंब्रजच्या बोलीवर येत आणि मुलं ती पाच मिनिटं मोजत बसत. एकदा त्यांच्या पापणीला गांधीलमाशी चावली. एक डोळा बंद, गाल बटाट्यासारखा सुजलेला, अशा अवतारात त्यांनी पूर्ण तास घेतला. मधूनमधून घड्याळ बघून फळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहीत होते. मुलांना वाटलं, सर तास संपायची वाट बघताहेत. सर सूज किती वेळात किती वाढली, त्याची नोंद ठेवत होते.

असल्या नोंदींच्या चार जाड वह्या होत्या. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सरांनी स्वतः पकडलेली प्रत्येक गांधीलमाशी, ती कुठे सापडली, काय खाते, घर कसं बांधते, सगळं बारीक अक्षरात आणि शेजारी शाईने काढलेलं चित्र. या वह्यांचं एक पुस्तक व्हावं, एवढी एकच इच्छा या माणसाला होती. बढती नको, बदली नको, पगारवाढीच्या मोर्चालाही ते आले नाहीत. "मराठीत गांधीलमाशीवर एक पुस्तक न्हाई, बाई," ते म्हणायचे. "आपला माणूस चप्पल फेकून मारतो, पर नाव इचारत न्हाई."

नावाच्या बाबतीत मात्र ते फार कडक होते. माशी हातात आल्याशिवाय नाव सांगायचं नाही. लोक वर्णनं सांगत, पत्रं लिहीत, कोणी चित्र काढून आणी. सर सगळ्यांना एकच उत्तर देत, "फोटोवरनं पोरगी पसंत करू न्हाई आणि माशी वळखू न्हाई." मग सायकल काढून स्वतः जात.

कुपवाडला मी त्यांच्यासोबत गेले होते. तिथल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथच्या शेडमधल्या पाइपांत माश्यांनी मातीची घरं केली होती आणि कामगार आत जायला तयार नव्हते. मालकाने औषध फवारायला माणूस बोलावला होता. सरांनी त्याला बाहेर थांबवलं, स्टुलावर चढले आणि बोटाच्या नखाने एक मातीचं घर फोडलं. आतून सात-आठ कोळी खाली पडले. फोरमन मागे सरकला.

"मेल्यात व्हय सर?"

"न्हाई. नीट बघ, पाय हालतोय. ही कुंभारीण. ती मारत न्हाई, नुसती नांगी टोचून लुळं करती. पोरगं अंड्यातनं भायेर आलं की त्याला ताजं मिळावं म्हणून."

"आन् माणसाला?"

"माणसाकडं ती ढुंकून बी बघत न्हाई. तुला येवढी किंमत कशाला दील ती?"

सगळे हसले. सरांनी माशी बोटावर चालवून दाखवली आणि दुपारी लेथ सुरू झाले. परत येताना सर खुशीत होते. म्हणाले, "औषध मारलं असतं तर त्यांनी कोळी बी मारलं असतं, कुंभारीण बी मारली असती, आणि वर पाइप धुवायला लागला असता." जगातल्या बहुतेक गोष्टींचा निकाल ते असाच लावत. हा माणूस असा सरळ होता, म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. थोडा त्यांचाही येतो.

सगळं सुरू झालं एका फोटोपासून, आणि तो आला कोयनानगरहून. सरांचा पवार नावाचा जुना विद्यार्थी तिथे धरणाच्या वसाहतीत कारकून होता. त्याच्या खिडकीच्या जाळीवर एक काळी माशी बसलेली त्याला दिसली. पवारच्या भावाने पलटणीतून आणलेला कॅमेरा हाताशी होता, त्याने फोटो घेतला. माशी पकडायला हवी हे त्याच्या लक्षात येईपर्यंत ती उडून गेली. पवारची सासुरवाडी सांगलीची. तो सणाला आला, इथल्याच एका स्टुडिओत रोल धुवायला टाकला आणि फोटोवाल्याला सांगितलं, "मोठा करा. आमच्या सरांना भेट द्यायचाय, एकदम झकास झाला पायजे."

वहीच्या पानाएवढा तो काळा-पांढरा फोटो सरांनी माझ्या टेबलावर ठेवला. काळी माशी आणि पोटावर दोन स्वच्छ पांढरे पट्टे. "असली मी बघितलेली न्हाई, बाई. पुस्तकात बी न्हाई." पण लगेच नेहमीचं वाक्यही म्हणाले आणि पवारला पत्र टाकलं, माशी पकडून पाठव. पवारने खिडकीशी दोन महिने पहारा केला. सर स्वतः तीनदा घाट चढून गेले. माशी काही पुन्हा आली नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण फोटोची बातमी प्राचार्यांच्या कानावर गेली.

आमच्या संस्थेचे संस्थापक कैलासवासी दादासाहेब. त्यांचे चिरंजीव आबासाहेब अध्यक्ष. कॉलेजच्या सभागृहाला दादासाहेबांचं नाव होतं. वसतिगृहाला होतं, ग्रंथालयाला होतं, पाण्याच्या टाकीला होतं, आणि त्याच वर्षी सायकल स्टँडलाही दिलं होतं. प्राचार्यांची मोठी पंचाईत झाली होती. पुण्यतिथी तोंडावर आली होती आणि नाव द्यायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी सरांना बोलावलं. नवी जात सापडली की शोधणारा तिला कुणाचंही नाव देऊ शकतो, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. सर म्हणाले, नवी आहे असं म्हणायला माशी लागते. प्राचार्य म्हणाले, फोटो आहे की. सर म्हणाले, फोटोवरून चालत नाही. मग प्राचार्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तुमच्या त्या वह्या संस्थेतर्फे छापू. आबासाहेबांशी बोललोय मी. समारंभातच जाहीर करू. आठवडाभरात माशीचं टिपण लिहा आणि वह्याही आणा."

सर बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने नव्हे, हे मला सांगितलंच पाहिजे. ते मोहात पडले. आठ दिवस फोटो घेऊन, भिंग लावून बसले. मला म्हणाले, "पट्टे तर चक्क दिसत्यात. पट्ट्याला कोण खोटं म्हणंल?" मध्येच म्हणाले, "एका मिशीचे सांधे दिसत न्हाईत. माशीच्या मिशीला बारा-तेरा सांधे असत्यात. ही गुळगुळीत हाय. फोटो हालला असंल." जो माणूस एका पायावरच्या काट्यासाठी कऱ्हाडपर्यंत सायकल मारत गेला होता, तो म्हणाला, फोटो हालला असेल. मी ऐकलं आणि गप्प बसले. मला वाटलं, माझं काय जातंय. नवव्या दिवशी त्यांनी चारही वह्या आणि एक पानी टिपण प्राचार्यांकडे दिलं. टिपणात माशीला दादासाहेबांचं नाव होतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी फोटो काढायला गेले. त्या वर्षी मला कायम करायचं चाललं होतं, त्या अर्जाला पासपोर्ट फोटो लागत होता. स्टुडिओ इलाहीभाईंचा. नवऱ्या मुलींचे फोटो काढावेत तर त्यांनीच, अशी त्यांची गावात ख्याती. आत गेले तर काचेच्या कपाटात दोन नवऱ्या मुलींच्या फोटोंमध्ये आमची माशी.

"ही आमच्या थोरात सरांची," मी म्हणाले.

"तर वो! लय मेहनत घेतलीया बाई तिच्यावर," इलाहीभाई खूश झाले. "नुसती काळी ठिक्कर आलती. पोटाचं काय दिसंना. मग निगेटिव्हवर पेन्सिल मारली, तिथं काळं ते फोटूत पांढरं, दोन जागी उजळ काढलं. एक मिशी अर्धीच आलती, ती पुरी केली. भेट द्यायचा फोटू, असा कसा द्यायचा?"

इलाहीभाईंचं काहीच चुकलं नव्हतं. ते सगळ्यांचंच असं करायचे. देवीचे व्रण पुसायचे, सावळ्या मुली उजळ करायचे, म्हाताऱ्यांच्या गालावरच्या सुरकुत्या काढून टाकायचे. आमच्या भागात निगेटिव्हवर पेन्सिल न फिरवलेला फोटो म्हणजे अर्धा फोटो. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मी ओळखू येत नाही. हे सगळ्या सांगलीला ठाऊक होतं, सरांनाही होतं. फक्त माशीच्या फोटोवर कुणी पेन्सिल फिरवील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी तशीच सरांच्या घरी गेले. ते माझ्याबरोबर आले, इलाहीभाईंकडून निगेटिव्ह मागून घेतली आणि दारात उजेडाकडे धरून भिंगातून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग परत दिली.

"हात लय चांगला हाय तुमचा," ते इलाहीभाईंना म्हणाले. एवढंच.

तिथून ते तडक कॉलेजकडे निघाले, मी मागोमाग. कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर थांबले. "मिशीला सांधे नव्हते, बाई. मी बघितलं हुतं. बघून पुढं गेलो मी."

प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "थोरात, पत्रिका वाटून झाल्या. समारंभ होऊ द्या. नंतर सावकाश दुरुस्ती करू. माशी काय कोर्टात जाणार आहे?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि वह्या प्रेसला जायच्या आहेत, हे ध्यानात ठेवा."

मी दाराबाहेर उभी होते. सर बाहेर आले तेव्हा मी विचारलं, काय करणार? "बघू," म्हणाले. आणि मला खरं सांगायचं तर वाटलं, गप्प बसतील. बसावं. पुस्तक तरी निघेल. मी त्यांना तसं सुचवलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात टेबलावर दादासाहेबांची तसबीर, आणि शेजारी माशीचा भलामोठा फोटो. शिपायाला कुणी सांगितलं होतं की नाही देव जाणे, पण त्याने दोघांनाही सारख्याच लांबीचे झेंडूचे हार घातले होते. आबासाहेबांनी नारळ वाढवला. प्राचार्यांचं भाषण झालं, वह्या छापण्याची घोषणा झाली, टाळ्या झाल्या. मग थोरात सर उठले.

ते मिनिटभरसुद्धा बोलले नाहीत. "माझी चूक झाली आहे. मी फोटोवरून बोललो. ह्या माशीच्या पोटावर पट्टे नाहीत, ते निगेटिव्हवर पेन्सिलीने काढलेले आहेत, आणि त्यात फोटोवाल्याचा दोष नाही. ही कोणती माशी ते मला माहीत नाही. दादासाहेब मोठे होते. त्यांचं नाव पेन्सिलीच्या रेघेला देऊ नये, एवढीच विनंती."

मग शेवटच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, आणि सगळं सभागृह हसायला लागलं. मुलं सरांना हसत नव्हती, हार घातलेल्या माशीला हसत होती. पण आबासाहेबांना तेवढा फरक करायची सवय नव्हती. ते उठून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक कागद फिरला. प्राध्यापक थोरात यांनी संस्थापकांचा जाहीर समारंभात हेतुपुरस्सर अवमान केला, त्याचा आम्ही निषेध करतो. इतिहासाच्या सरांनी सही केली. गणिताच्यांनी केली. कुणी म्हणालं, "आता ह्यात त्यांचं काय वाईट व्हायचंय, फार तर ताकीद मिळेल." सगळे हो म्हणाले. खालून तिसरी सही माझी आहे. कायम करण्याचा माझा अर्ज त्याच टेबलावर, त्याच फायलीत होता. मला कुणी धाक घातला नाही, कुणी हात धरला नाही. मी पेन काढलं आणि सही केली. याला भित्रेपणा हा एकच शब्द आहे आणि पन्नास वेळा शोधूनही मला दुसरा सापडलेला नाही.

ताकीद मिळाली नाही. पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या घाटात संस्थेची एक शाळा होती. "विज्ञानप्रसारासाठी" म्हणून सरांना तिथे पाठवल्याचं पत्र निघालं. कोर्टात जा म्हणून सांगणारे दोघेजण होते, त्या दोघांच्याही सह्या त्या कागदावर होत्या. सर कोर्टात गेले नाहीत. वह्या मात्र मागायला गेले. प्राचार्य म्हणाले, संस्थेच्या वेळात आणि संस्थेच्या सूक्ष्मदर्शकावर केलेलं काम, ती संस्थेची मालमत्ता आहे. छापू सावकाश. छापल्या नाहीत. पुढे मी खातेप्रमुख झाल्यावर कपाटं धुंडाळली. जुना कारकून म्हणाला, "त्या व्हय? बाई, रद्दीत गेल्या आसतीला की."

वहिनींनी सामान बांधताना साखरेचे डबे शेजाऱ्यांना देऊन टाकले. मी निरोप द्यायला गेले होते. त्या चहा घ्या म्हणाल्या नाहीत.

तीन वर्षांनी मी मुलांची सहल घेऊन कोयनेला चालले होते. झाडपाला गोळा करायला गाडी घाटात थांबली आणि समोर ती शाळा. सहलीच्या जागा मीच ठरवल्या होत्या, त्यामुळे योगायोग म्हणायची सोय नाही. सरांना काय म्हणायचं ते मी सांगलीपासून मनात घोकत आले होते.

एका खोलीत सर गणित शिकवत होते. कोट नव्हता. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी मान हलवली. "या बाई." मग अगदी साधेपणाने, जणू सर्दी बरी झाली का विचारावं तसं, म्हणाले, "कायम झालासा न्हवं?"

"झाले," मी म्हणाले.

"बरं झालं." आणि ते फळ्याकडे वळले.

तेवढ्यात खिडकीशी बसलेली एक मुलगी जागेवरून उठली. गजावर एक माशी येऊन बसली होती. बारीक कंबर, लांब पाय, पंख थरथरत होते. "गुर्जी," ती म्हणाली, "ही कंची वो?"

सरांनी वळून पाहिलं. त्यांची मान किंचित पुढे झाली, डोळे बारीक झाले, ओठ हलले. त्यांनी ती ओळखली होती. जात, नर की मादी, घर कुठं बांधते, सगळं. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या मला तेवढं नक्की कळत होतं.

"माशी हाय," सर म्हणाले. "बस खाली."

मुलीने पाटी उचलली आणि माशी गजावरच चिरडली. सरांनी फळ्यावरचं उरलेलं गणित पुरं केलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.